अंबरोआत्याचं घड्याळ

अंबरोआत्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी ताशी चाळीस मैलांच्या वेगाने निघालो होतो आणि माझ्याकडे गाडी नव्हती.

जानेवारी महिना होता. मिनियापोलिसला येऊन मला नऊ दिवस झाले होते आणि बर्फाबद्दलचं माझं मत तोवर चांगलं होतं. बसमधून उतरून मी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकायची वेळच आली नाही. तिथून जो सुटलो तो मशिदीवरून, पैसे पाठवायच्या दुकानावरून, दोन पोलिसांच्या मधून आणि एका बाईच्या बाबागाडीला वळसा घालून पुढे. वाटेत ओळखीच्या तिघांना सलाम केला. दोघांनी उत्तर दिलं. तिसऱ्याने "कुठे चाललास?" असं विचारलं, पण त्याला सांगण्याइतकी माहिती माझ्याकडेही नव्हती. शेवटी एक दार उघडं दिसलं. मी आत शिरलो, दुकानात असलेल्या तीन टेबलांपैकी दोन सोबत घेतली आणि शेगडीपाशी येऊन थांबलो.

वर पाहिलं तर एक बाई उभी. रुंदीला दाराएवढी, आवाजाला दोन दारांएवढी, डोक्यावर झेंडूच्या रंगाची ओढणी. हातात चहाचा पेला, आणि एवढ्या भूकंपात त्यातला एक थेंब सांडलेला नाही.

"बसायला खुर्च्या आहेत," ती म्हणाली. "पण तुला जमीन आवडत असेल तर जमीन."

मी नाव सांगायला तोंड उघडलं.

"नाव राहू दे. घसऱ्या, चहा घे."

त्याला चौदा वर्षं झाली. आज माझी बायको मला घसऱ्या म्हणते, सासू घसऱ्या म्हणते, मी ज्या शाळेची बस चालवतो तिथली पोरं घसरेकाका म्हणतात, आणि बस चालवणाऱ्याला हे नाव शोभत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या खऱ्या नावाने मला आता फक्त बँक ओळखते.

यात आत्याचा दोष नाही. आम्हा सोमाली लोकांचं नाव तीन मजली असतं. तळाला आपण, वर बाप, त्याच्या वर आजा. आणि तिन्ही मजल्यांवर बहुधा मोहम्मदच राहतो. रस्त्यात हाक मारली तर निम्मी वस्ती वळून बघते. म्हणून टोपणनाव. लंगडा असेल तर लंगड्या, तोंडाळ असेल तर तोंडाळ. राग मानायचा नाही. तुमचं व्यंग ठेवून तुमचं नाव तेवढं घेतात, एवढाच व्यवहार. फक्त बाकीच्या वस्तीला नाव ठेवायला महिना लागतो, आत्याला पहिला पेला भरायला लागतो तेवढाच वेळ.

तिचं दुकान म्हणजे उंच इमारतींच्या पायथ्याशी, शिंप्याच्या आणि मोबाईलवाल्याच्या मधली एक फट. तीन टेबलं, अकरा खुर्च्या, चार मोठे थर्मास. वेलची, दालचिनी, लवंग आणि सुंठ घातलेला दुधाचा चहा, सोबत समोसे आणि गोड धिरडी. तिथे चालणाऱ्या उद्योगाला आमच्या भाषेत खास शब्द आहे, त्याचा अर्थ बसल्याजागी भांडणं. आमच्या देशाचं सरकार कसं चालवावं हे त्या तीन टेबलांवर दररोज ठरतं. देशाला अजून कळलेलं नाही.

आत्याचा नियम एकच. कुणी एकटं बसायचं नाही. नवा माणूस कोपऱ्यात बसला की ती त्याचा पेला उचलायची आणि दुसऱ्याच टेबलावर नेऊन ठेवायची. "तुझा चहा तिकडे आहे." मग चहामागोमाग माणूस. ज्या दोन घराण्यांनी तिकडे एकमेकांच्या विहिरी बुजवल्या, त्यांची माणसं तिने अशी गुडघ्याला गुडघा लावून बसवली. माझा पेला तिने टॅक्सी चालवणाऱ्या कानतुट्यासमोर ठेवला. लहानपणी त्याचा अर्धा कान उंटाने खाल्ला, असं तो सांगतो. उंटाची बाजू आम्ही ऐकलेली नाही. आणि सात वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या दोघांच्या मधे तिने एका म्हाताऱ्याचा पेला आणून ठेवला. आत येताच त्याने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, म्हणून तो घड्याळकाका.

काका उंच, ताठ, सत्तरीचा. तरुणपणी सोमालियातल्या किस्मायोच्या बंदरात त्याची नोकरी भोंगा वाजवायची. सकाळी सातला भोंगा द्यायचा, मग चालत चहाच्या टपरीवर जायचं. चालायला दहा मिनिटं. बंदर गेलं, भोंगा गेला, टपरी गेली. दहा मिनिटं तेवढी त्याच्या अंगात राहिली. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आत्याचं दार उघडायचं. सात वर्षं तिने भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलला नाही. गरजच नव्हती. घरचं कोण आहे, असं विचारलं की तो म्हणायचा, "कुणी नाही," आणि समोशाला हात घालायचा. आम्ही पुन्हा विचारलं नाही. आमच्यात ज्याचं त्याने सांगेपर्यंत थांबतात.

आता साखरेचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरून झालं.

काकाला चहात चार चमचे साखर लागायची. गेल्या वर्षी डॉक्टरने मधुमेहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि साखर बंद सांगितली. काकाने गोळ्या चालू ठेवल्या, डॉक्टर बंद केला. तेव्हा आत्याने त्याच्यासाठी वेगळा थर्मास भरायला सुरुवात केली. साखर नावाला, वेलची-दालचिनी दुप्पट. काका प्यायचा आणि म्हणायचा, "बघा, याला म्हणतात गोड." आम्हाला ठाऊक होतं. सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. वर्षभर अकरा खुर्च्यांनी एक गुपित सांभाळलं. सोमाली इतिहासात असं दुसरं उदाहरण नसेल.

एका सोमवारी सकाळी वाद चालला होता तो लबाडीवर. कोण मोठा लबाड, पुढारी की टॅक्सीचा मालक. कानतुट्या रंगात आला आणि म्हणाला, "लबाडीचं काय घेऊन बसलात, इथे आत्या वर्षभर काकाला फसवतेय, त्याला पत्ता नाही."

 कानतुट्याने आपला शाबूत कान चोळला.

काकाने पेल्यात पाहिलं. मग आत्याकडे. "वर्षभर?"

"तुमच्या भल्यासाठी, काका."

"माझं भलं मी तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं का? मी लहान पोर आहे? तू मला पेल्यातून खोटं पाजलंस."

"मग काय करू? चार चमचे घालून मारू तुम्हाला? माझ्या हाताने?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर ऐकलं असतंत? नको असेल तर नका पिऊ. जा, दुसरीकडे जा. बघा कोण तुमच्या वेळा सांभाळतंय ते."

काकाने पेला उपडा ठेवला, कोट घातला, सगळी बटणं लावली आणि गेला. समोशाला हातही लावला नाही. आत्या दिवसभर भांडी घासत होती. स्वच्छ भांडीसुद्धा.

मंगळवारी तापमान शून्याखाली सव्वीस. थंडीपायी शाळा बंद, म्हणून माझी बस बंद, म्हणून मी सातलाच दुकानात. आत्याने काकाचा पेला मांडून ठेवला होता. शेजारी दोन समोसे. एरवी एकच असतो.

सात-दहा झाले. दार उघडलं. शिंपी आत आला. सगळ्या दुकानाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्या गरिबाने माफी मागितली.

सव्वासात. साडेसात.

"रुसलाय," कानतुट्या म्हणाला.

"रुसला असता तर सात-दहाला आला असता," आत्या म्हणाली. "इथे बसून रुसला असता. घरी कोण आहे त्याचा रुसवा बघायला?"

 आठ वाजता तिने शेगडी बंद केली. चौदा वर्षांत दिवसा ती शेगडी बंद झालेली मी पाहिली नव्हती. शेगडीचा आवाज असतो हे मला तो थांबल्यावर कळलं.

आम्ही तिघं काकाच्या इमारतीत गेलो. इमारत कुठली ते माहीत होतं. मजले एकोणचाळीस होते. खालच्या कचेरीत एक सभ्य माणूस बसला होता. त्याने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"घड्याळकाकांना," कानतुट्या म्हणाला.

"नाव?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.  सात वर्षं मी या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो. त्याचा कुठला दात दुखतो ते मला ठाऊक होतं. १९७८ साली तो कुठल्या जहाजाला भोंगा द्यायचा विसरला होता, ते ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं.

"मोहम्मद लिहा," कानतुट्या म्हणाला. "मोहम्मद चुकत नाही."

"मोहम्मद चौसष्ट आहेत," माणूस यादी बघून म्हणाला. "आडनाव?"

"यूसुफ असेल," मी म्हणालो.

"तू कशावरून म्हणतोस?" कानतुट्याने विचारलं.

"चेहऱ्यावरून."

 वस्तीतल्या शंभर माणसांना आत्याने नावं दिली होती. याचंही तिनेच ठेवलं होतं, पहिल्या पेल्याला, नेहमीप्रमाणे त्याला तोंड उघडू न देता. ते तिला आठवत होतं हे मला तिच्याकडे न बघता कळत होतं.

लादी पुसणारी एक बाई ऐकत होती. ती म्हणाली, "तो उंच म्हातारा ना? ताठ चालणारा? काल दहाच्या सुमाराला बाहेर गेला. परत आलेला मी पाहिला नाही. आज त्याच्या दारातला कचराही तसाच आहे."

काल दहाला. म्हणजे चोवीस तास होत आले. बाहेर उणे सव्वीस. काकाच्या कोटाची बटणं सगळी असायची, पण कोट पातळ होता.

कानतुट्याने बाहेर जाऊन पोलिसांना फोन लावला. काचेतून मला त्याचं तोंड दिसत होतं. बोलता बोलता तो बोलायचा थांबला, आणि कानतुट्या बोलायचा थांबला म्हणजे काहीतरी झालं. मी गेलो.

"नदीकडच्या पुलाखाली पहाटे एक म्हातारा सापडलाय," तो हळूच म्हणाला. "थंडीने गेलेला. आपल्याकडचा दिसतो म्हणतात. खिशात कागद नाही. ओळख पटवायला एक वाजता या म्हणाले. आत्याला सांगू नको. मी जातो तिकडे. तुम्ही दवाखाने बघा."

मी आत्याला गाडीत बसवलं. तिने मांडीवर दोन थर्मास घेतले होते, एक काकाचा आणि एक साखरेचा. 

"एक वाजेपर्यंत किती दवाखाने होतील?" तिने विचारलं.

मी दचकलो. "तू ऐकलंस?"

"अर्धा कान त्याचा आहे, घसऱ्या. माझे दोन्ही आहेत." मग म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात तो मला म्हणाला होता, पोरी, मला मरायची भीती नाही. पण इथे बेवारस माणसाला म्हणे फडताळात ठेवतात आणि पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधतात. माझ्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलेलं असू दे. मी म्हटलं, मी लिहीन. मोठी लिहिणारी."

पहिल्या दवाखान्यात काही नव्हतं. कुणी बिननावाचा म्हातारा नाही, तिथल्या माणसाने शांतपणे दोनदा तपासून सांगितलं. बाहेर आलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि गाडी सुरू व्हायला तयार नव्हती. चौथ्यांदा किल्ली फिरवली तेव्हा लागली. दुसऱ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा भिंतीवर बारा वाजून वीस.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती.

"पेशंटचं नाव?"

"मोहम्मद," मी म्हणालो. आत्याने माझ्याकडे बघितलं. "किंवा दुसरं काहीतरी," मी म्हणालो.

"जन्मतारीख?"

"एक जानेवारी," आम्ही दोघं एकदम म्हणालो. सकाळपासून आम्हाला आलेलं ते पहिलं उत्तर. निर्वासितांच्या छावणीत अर्ज भरणाऱ्याने विचारलं होतं, जन्म कधीचा? माझी आई म्हणाली, पांढरी उंटीण व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तो म्हणाला, एक जानेवारी. वस्तीत सगळ्यांचा एकच वाढदिवस आहे. उंटीण कुणाची का व्याली असेना.

मुलीने बटणं दाबली. "एक जानेवारीवाले आज आमच्याकडे तेवीस आहेत." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तुम्ही त्यांच्या कोण?"

 आत्या बहीण म्हणाली असती तर कुणी तपासायला येणार नव्हतं. पण सोमवारपासून तिला खोट्याची भीती बसली होती.

"मी त्यांना चहा देते," ती म्हणाली.

"माफ करा. नावाशिवाय मला काही सांगता येणार नाही. नियम आहे."

मी आत्याचा दंड धरला. "चल. एकला पोहोचायला हवं."

ती हलली नाही. तिचं इंग्रजी चाळीस शब्दांचं आहे आणि त्यातले तीस चहाचे. उरलेल्या दहांतून तिने जमवाजमव केली आणि काउंटरवर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "माणूस. म्हातारा. टाइम. रोज टाइम. सेव्हन टेन. एव्हरी डे सेव्हन टेन."

मुलगी गोंधळून बघत राहिली. पण औषधांची गाडी ढकलत चाललेली एक पिकल्या केसांची नर्स थांबली.

"टाइम?" ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर एक आजोबा आहेत. काल संध्याकाळी रेल्वेच्या फलाटावरून आणले. कागदपत्रं नाहीत. नाव विचारलं की वेळ विचारतात."

"म्हणजे?" मी विचारलं.

"मला तुमच्या भाषेतले सात शब्द येतात," ती जरा अभिमानाने म्हणाली. "पाणी, दुखतं, तसले. साअद म्हणजे वेळ ना? मी विचारते, आजोबा, तुमचं नाव काय? ते म्हणतात, साअद. मी सांगते, सव्वानऊ. ते चिडतात. रात्री फोनवर दुभाष्या लावून विचारलं, तेव्हाही तेच. दुभाष्या म्हणाला, भ्रमात आहेत, वेळ विचारतायत."

आमच्या भाषेत तासाला, वेळेला आणि घड्याळाला एकच शब्द आहे. साअद.

आत्याने दोन्ही थर्मास छातीशी धरले आणि खुर्ची कुठे आहे ते न बघता खाली बसली. नशीब, खुर्ची होती.

काका खिडकीजवळच्या खाटेवर होता. हाताला नळी, ओठ फुटलेले, दोन बोटांना पट्ट्या. बटणांशिवाय तो मला ओळखू येईना. आत्या खाटेपाशी गेली.

"सात-दहा होऊन गेले," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "ठाऊक आहे. ही बाई मला दर तासाला किती वाजले ते सांगते. न विचारता."

"कुठे गेला होतात?"

"दुसरीकडे जा म्हणालीस ना? गेलो. गाडीत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो. तिथे आहे एक चहावाला."

"कसा होता?"

"एक घोट घेतला. ठेवून दिला."

डॉक्टर आला, त्याने मला सांगितलं आणि मी आत्याला सांगितलं. काकाच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. फलाटावर पडला तिथे लगेच कुणी पाहिलं म्हणून वाचला. अर्धा तास गेला असता तर उठला नसता. साखर कमी हे ऐकल्यावर आत्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"माझ्या चहाने," ती म्हणाली.

"चहाने नाही," मी म्हणालो. "त्याने सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. गोळी घेऊन उपाशी राहिलं की असं होतं."

"का नाही खाल्लंत?" तिने विचारलं.

"भूक नव्हती."

"भूक का नव्हती?"

काकाने खिडकीकडे तोंड वळवलं. "राग आला होता."

नर्स फॉर्म घेऊन उभी होती. आत्याने खाली वाकून अगदी हळू विचारलं, जसं आपण लाजिरवाणी गोष्ट विचारतो तसं, "काका, तुमचं नाव काय?"

त्याला जरा वेळ लागला. "समतर," तो म्हणाला. "समतर गेद्दी." आणि मग जणू खात्री करायला पुन्हा, "समतर गेद्दी."

मोहम्मद कुठल्याच मजल्यावर नव्हता.

नर्सने ते लिहून घेतलं, यंत्रात घातलं आणि म्हणाली, "अरे, तुम्ही आहात आमच्याकडे. सात वर्षांपूर्वीचा कागद आहे. जवळचं नातेवाईक, मुलगी. उबाह. राहणार कोलंबस, ओहायो. फोन नंबर आहे."

काका उठून बसायला लागला. नळी ताणली गेली. "त्या नंबरला फोन करायचा नाही. अंबरो, सांग त्यांना. म्हणावं, लेक नाही याला."

"आहे?"

काकाने ताणलेली नळी सरळ केली.

"सात वर्षं मला म्हणालात कुणी नाही."

"तिने माझ्या चहातली साखर बंद केली होती," काका म्हणाला. "न विचारता. मी निघून आलो."

 मला हसू आलं होतं, पण आत्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. तिला कळलं होतं, आणि मलाही. हा फोन लागला की लेक येणार. लेक आली की ती या वयात बापाला एकोणचाळीस मजली इमारतीत एकटा ठेवणार नाही. आणि फोन नाही लावला तर परवा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दार उघडणार. आत्याला फक्त म्हणायचं होतं, म्हातारा भ्रमात आहे, लेक वगैरे नाही. नर्सने मानलं असतं.

"पोरी," काका म्हणाला, "तुझ्या हाताचा कसलाही चहा पिईन. बिनसाखरेचा पिईन. फोन करू नको."

आत्याने नर्सच्या हातातून कागद घेतला आणि स्वतःच्या फोनवर आकडे दाबायला लागली. 

"काका," ती म्हणाली, "काल सकाळपासून माझं जे झालंय, ते हिचं सात वर्षं चाललंय."

पलीकडे लगेच उचलला गेला. आत्याने आपलं नाव सांगितलं, मग म्हणाली, "समतर गेद्दीची लेक का? रडू नको. आधी ऐक, मग रड." मग स्वतःच रडली. काकाने पांघरूण तोंडावर ओढलं. मी खिडकीतून गाड्या मोजल्या.

फोन ठेवल्यावर तिने काकाचा थर्मास उघडला. नर्सने आधी हरकत घेतली, मग वास घेतला, मग स्वतःसाठीही पेला आणला. आत्याने काकाचा पेला खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला, एकट्याचा, आणि मग उचलून माझ्या आणि तिच्या पेल्यांच्या मधे ठेवला. काकाने पांघरुणातून हात काढून घोट घेतला.

"हा तोच आहे. कमी साखरेचा."

"तोच."

"वेलची जास्त झालीय," तो म्हणाला, आणि संपवला.

मग मला एकदम कानतुट्या आठवला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन केला तर तो त्या शवागाराच्या बाहेर गाडीतच होता, बारापासून. आत गेलाच नव्हता. म्हणाला, गाडी लावायला जागा मिळत नव्हती. मी सांगितलं, सापडला, जिवंत आहे, नाव समतर. बराच वेळ पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "समतर? शोभत नाही त्याला."

आत्याने विचारलं, "मग पुलाखालचा तो कोण?"

आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने दुकानाच्या भिंतीवर पुठ्ठ्याचा फळा लावला. डाव्या बाजूला टोपणनाव, उजव्या बाजूला खरं नाव, पुढे जवळच्या माणसाचा फोन. लिहिल्याशिवाय चहा नाही. मोठी बोंबाबोंब झाली. एक जण म्हणाला, ही सरकारची माणूस झालीय. एक जण म्हणाला, माझ्या बायकोला माझा पत्ता कळेल. कानतुट्याने तीन दिवस ताणून धरलं, चौथ्या दिवशी येऊन भिंतीकडे तोंड करून लिहिलं. त्याचं खरं नाव मोहम्मद मोहम्मद मोहम्मद निघालं. त्यासाठी तीन दिवस. आता नवा माणूस आला की आत्या आधी त्याचं नाव पुरतं ऐकून घेते, तिन्ही मजले, आणि मगच त्याला दुसरं नाव ठेवते. पहिला पेला त्यामुळे जरा गार होतो.

लेक बुधवारीच आली होती. तिने दुकानातला चहा घेतला, आत्याचे हात हातात धरले, आणि शनिवारी बापाला घेऊन गेली. भिंतीवरच्या घड्याळात आत्याने नवा सेल घातला.

समतर गेद्दी आता कोलंबसला लेकीकडे असतो. सकाळी आठ-साडेआठला कधीतरी उठतो आणि कॉफी पितो, बिनसाखरेची.